पित्ताची वाट

पोट दुखतंय म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘काय खाल्लंस?’ आणि उत्तराची वाट न बघता निदानही होऊन जातं, ‘पित्त झालं असेल.’ मग आमसुलाचं सार, मोरावळा, गार दूध, फार तर मेडिकलमधून आणलेली गोळी. छातीतली जळजळ, आंबट ढेकर, अर्धशिशी, अंगावर उठलेल्या गांधी, उन्हातून आल्यावरची मळमळ, सगळं एकाच खात्यावर जमा होतं. यातली जळजळ आणि आंबट ढेकर जठरातल्या आम्लाचे. यकृतात तयार होणारं हिरवट-पिवळं, कडू पित्त निराळं, त्याची वाट निराळी आणि त्या वाटेवरची दुखणीही निराळी. हे मी शिकले ते मावशीच्या आजारपणात, दवाखान्यांच्या बाकांवर बसून, डॉक्टरांना विचारून आणि रात्री वाचून.

मावशी सांगलीकडच्या एका गावात राहते. तिचं दुखणं यायचं ते बहुधा रात्री. लग्नाकार्याचं जेवण झालं, पुरणपोळीवर तुपाची धार झाली, नाहीतर कुणाकडची भजी झाली, की काही तासांनी सुरू. बरगड्यांच्या खाली उजव्या अंगाला किंवा बरोबर मधोमध, आणि तिथून मागे पाठीत, उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली. आडवं होववत नसे. अंगणात येरझाऱ्या घालायची, ओकारी काढायची, कपाळाला घाम यायचा. तास-दोन तास, कधी त्याहून जास्त. मग ओसरायचं ते इतकं पुरतं की सकाळी ती धारा काढायला गोठ्यात हजर. तिला तसं बघून रात्रीचं कुणाला खरं वाटत नसे. घरातल्या बाईचं पोटदुखणं आपल्याकडे लवकर मोजलं जात नाही, आणि बरेचदा तीही मोजत नाही. “अगं, वातानं धरलं होतं, गेलं,” एवढ्यावर ती विषय संपवायची. काही वर्षं असं चाललं.

पुरतं ओसरतं म्हणून हे दुखणं फसवतं. ते का ओसरतं हे कळायला पित्ताची वाट एकदा डोळ्यांपुढे आणावी लागते.

यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. बारीक बारीक नळ्यांमधून उतरत ते उजव्या आणि डाव्या अशा दोन नळ्यांत येतं, आणि त्या दोन्ही पुढे एक होतात. यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेली पित्ताशयाची पिशवी एका छोट्या, नागमोडी नळीने याच वाटेला जोडलेली असते. तिथून पुढची मुख्य पित्तनलिका स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते, स्वादुपिंडाची नळी तिला येऊन मिळते, आणि दोघी लहान आतड्याच्या सुरुवातीलाच उघडतात. त्या तोंडाशी स्नायूंची एक झडप आहे. रुग्गेरो ओद्दी या इटालियन तरुणाने वैद्यकाचा विद्यार्थी असताना, १८८७ साली, तिचं वर्णन केलं आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. खाणं चालू नसतं तेव्हा झडप मिटलेली असते, म्हणून पित्त मागे वळून पिशवीत साठतं. पिशवीत मावतं तीस ते पन्नास मिलिलिटरच, पण ती त्यातलं पाणी शोषून पित्त दाट करत राहते. तेलातुपाचं काही आतड्यात पोचलं की आतड्याच्या अस्तरातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं. त्याने पिशवी आकसते, झडप सैल होते आणि दाट पित्त अन्नावर येतं. त्यामुळे स्निग्ध पदार्थ पचतात, अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं अंगी लागतात. काम झालं की पित्तातल्या क्षारांचा ९५ टक्क्यांच्या आसपास भाग लहान आतड्याच्या शेवटाला पुन्हा शोषला जातो आणि यकृताकडे परततो. तेच क्षार दिवसातून कितीतरी फेऱ्या मारतात. इतकी काटकसरी व्यवस्था आपल्या पोटात चालू आहे हे कळलं त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप आली नव्हती.

आता पिशवीत खडा असेल तर? तुपाचं जेवण झालं, पिशवी आकसू लागली आणि खडा तिच्या तोंडाशी जाऊन बसला. पिशवी जोर लावते, वाट मोकळी होत नाही, त्या ताणाची कळ उठते. काही वेळाने खडा मागे घरंगळतो आणि कळ जाते. खडा जागेवर अडकूनच राहिला तर मात्र पिशवीला सूज येते, ताप चढतो, दुखणं थांबत नाही. डॉक्टर उजव्या बरगडीखाली हात दाबून धरतात आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगतात. सुजलेली पिशवी हाताला टेकली की श्वास मध्येच तुटतो. शिकागोचे शल्यविशारद जॉन मर्फी यांनी सांगितलेली ही खूण. सोनोग्राफीच्या काळातही ती तशीच्या तशी वापरली जाते, आणि सोनोग्राफी करतानाही पाहिली जाते.

खडे होतात कसे? पित्तात कोलेस्टेरॉल विरघळलेलं असतं, पित्तक्षार आणि लेसिथिन त्याला विरघळलेलं ठेवतात. कोलेस्टेरॉल प्रमाणाबाहेर गेलं किंवा पिशवी आळसावली, नीट रिकामी होईनाशी झाली, की स्फटिक धरतात आणि त्यांचे खडे बनतात. बायकांमध्ये हे जास्त होतं, कारण इस्ट्रोजेनमुळे पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं. गरोदरपणात पिशवी मंदावते, त्याची भर पडते. लठ्ठपणा हे एक कारण आहे आणि भराभर वजन उतरवणं हेही. महिन्याभरात अमुक किलो कमी करून देणाऱ्या जाहिराती ही दुसरी बाजू सांगत नाहीत. उपासांबद्दल मला पुष्कळ जणींनी विचारलं. एका एकादशीने खडे होत नाहीत. पण ज्या पिशवीत खडे आधीच आहेत तिला ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही चाल सोसत नाही. शेंगदाण्याचं कूट घालून तुपात परतलेली खिचडी, वर तळलेल्या साबुदाण्याच्या पापड्या, आणि मग रात्रभर कळा.

खडे सगळे एका जातीचे नसतात. उत्तर भारतात कोलेस्टेरॉलचे पिवळट खडे जास्त सापडतात, दक्षिणेत रंगद्रव्याचे काळपट. रंगद्रव्याचे खडे बिलिरुबिन या पित्तातल्या पिवळ्या रंगद्रव्यापासून होतात. तांबड्या पेशी वेळेआधी फुटत राहिल्या की बिलिरुबिन जास्त तयार होतं. म्हणून सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांमध्ये पित्ताचे खडे आढळतात. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलची कुटुंबं गावोगाव आहेत. तिथे मुलाचे डोळे थोडेसे पिवळे असणं आईच्या सवयीचंच होऊन जातं, त्यामुळे खडा नळीत उतरून आलेला पिवळेपणा वेगळा ओळखू येत नाही. अशा मुलाचं पोट उजवीकडे दुखलं तर सिकलसेलचीच कळ म्हणून सोडून न देता एक सोनोग्राफी व्हायलाच हवी असं मला फार मनापासून वाटतं.

दुसऱ्या टोकाला, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले म्हणून घाबरून ऑपरेशनला धावणारेही असतात. न दुखणारे खडे बहुतेकांचे आयुष्यभर गप्प राहतात. वर्षाला शंभरातल्या एक ते चार जणांना त्रास सुरू होतो, बाकीच्यांना होत नाही. त्यामुळे काहीच तक्रार नसेल तर सहसा नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. मोठा खडा, पिशवीची भिंत चुन्यासारखी कडक झालेली असणं, पिशवीत वाढलेला कोंब, अशा काही गोष्टी असतील तर विचार बदलतो.

मावशीची सोनोग्राफी झाली तेव्हा पिशवी बारीक खड्यांनी भरलेली निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. घरी आल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी कुळथाचं कढण सांगितलं, कुणी पानफुटीची पानं. हे उपाय लोक मुतखड्यावर करतात. पण पोटातून मूत्रपिंडात गेलेलं पाणी आणि पित्ताच्या पिशवीतला खडा यांची गाठच पडत नाही, वाटाच वेगळ्या. कुणी मोबाइलवर आलेला निरोप पुढे पाठवला: सफरचंदाचा रस प्या, मग ऑलिव्ह तेलात लिंबू पिळून घ्या, सकाळी हिरवे खडे पडतील. सकाळी हिरवे गोळे पडतात हे खरं आहे. २००५ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अशाच एका बाईचे गोळे तपासल्याचा अहवाल आला. त्यात कोलेस्टेरॉल नव्हतं, बिलिरुबिन नव्हतं. तेल आणि लिंबाचा रस यांचे पोटातच झालेले साबणासारखे गोळे होते ते. खडे विरघळवणारी एक गोळी खरोखर आहे, पण ती लहान कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, तेही काही जणांनाच, महिनोन्महिने घेऊन लागू पडते आणि थांबवल्यावर खडे पुष्कळदा परत येतात.

या सल्लामसलतीत दिवस गेले आणि मावशीचा एक खडा पिशवीतून निसटून मुख्य नलिकेत उतरला.

त्याच्या खुणा तिला सगळ्यांच्या आधी दिसल्या होत्या. लघवी गडद होऊ लागली होती. तळहात-तळपाय रात्री खाजत होते, अंगावर पुरळ काहीच नव्हतं, ती खोबरेल चोळत राहिली. आणि शौचाचा रंग गेला होता. ही शेवटची गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही. पुढे रुग्णालयात डॉक्टरांनी सरळ विचारलं, “मावशी, शौचाचा रंग कसा होता?” तेव्हा तिने आधी माझ्याकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, “शाडूसारखा.” गणपतीच्या मातीचा तो फिका करडा रंग. डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहून घेतलं. निदान जवळजवळ त्या एका शब्दात होतं.

तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन होतं, यकृत त्याला पाण्यात विरघळण्याजोगं करून पित्तातून आतड्यात सोडतं. आतड्यातले जिवाणू त्याचं रूपांतर करतात आणि त्यापासून शौचाला तपकिरी रंग येतो. नळी बंद झाली तर तो रंग आतड्यापर्यंत पोचतच नाही. अडलेलं बिलिरुबिन रक्तात परततं, डोळ्यांत आणि कातडीत उतरतं, आणि पाण्यात विरघळणारं असल्यामुळे लघवीतून बाहेर पडतं. शौच फिकं आणि लघवी गडद, ही जोडी एकत्र दिसली की वाट कुठेतरी अडली असण्याची दाट शंका घ्यायची. यकृताला नुसती सूज आली तरी काही दिवस असं होऊ शकतं, पण तो निवाडा रक्ततपासणीने आणि सोनोग्राफीने करायचा असतो, अंदाजाने नव्हे.

आणि ही ओळख आपल्याकडे आजची नाही. चरकसंहितेत, चिकित्सास्थानाच्या सोळाव्या अध्यायात, पांडुरोगाच्या बरोबरीने काविळीचं वर्णन आहे. त्यात तिळाच्या कल्कासारखं शौच होणारी कावीळ वेगळी काढली आहे आणि तिथे पित्ताची वाट कफाने अडवलेली असते असं म्हटलं आहे. कारण आज आपण निराळं सांगू. पण रंग गेलेलं शौच बघून, पित्त वाढलेलं नसून त्याची वाट बंद आहे, हे त्या वैद्याने ताडलं होतं. तो मावशीसमोर बसला असता तर त्यानेही आधी हाच प्रश्न विचारला असता.

डोळे पिवळे दिसायला लागल्यावर घरच्यांनी तिला आधी नेलं ते काविळीचं औषध देणाऱ्याकडे. महाराष्ट्रात असा माणूस दहा-वीस मैलांत एखादा असतोच. कुणी नाकात थेंब घालतो. कुणी हातावर पाल्याचा रस चोळून चुन्याच्या निवळीत धुवायला लावतो, पाणी पिवळं होतं, ‘बघा, कावीळ उतरली.’ रस आणि चुना एकत्र आले की निरोगी माणसाच्या हातूनही ते पाणी पिवळंच होतं. कुणी काड्यांची माळ डोक्यावर ठेवतो, ती दिवसागणिक लांबत खाली उतरते, कारण काड्या वाळून आक्रसतात आणि गाठी सैल पडतात. कुणी तापलेल्या सळईचे डाग देतो, हे तर क्रूर आहे. या सगळ्यांवर लोकांचा विश्वास बसतो याचं कारण मला पुढे कळलं. आपल्याकडे दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय माळेला जातं. पण नळीत अडकलेला खडा असा वेळ घालवल्याने निघत नाही, आणि थांबलेल्या पित्तात जंतू वाढायला लागतात.

मावशीला एका संध्याकाळी हुडहुडी भरली. दोन गोधड्या घालूनही दात वाजत होते. पोटात उजवीकडे कळ, डोळे पिवळे, थंडी वाजून ताप, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की नलिकेत जंतुसंसर्ग झाला असं समजावं, हे फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८७७ साली लिहून ठेवलं आहे. यानंतर रक्तदाब पडू लागला, माणूस बरळू लागला, तर तासातासाला किंमत असते. आम्ही वेळेत पोचलो.

तिथे पहिल्यांदा प्रतिजैविकं सुरू झाली आणि के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. ते कशाला, मी विचारलं. पित्त आतड्यात पोचत नसेल तर के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि त्याच्याशिवाय यकृताला रक्त गोठवणारे घटक बनवता येत नाहीत. हेन्रिक डॅम यांनी हे जीवनसत्त्व शोधण्याआधीच्या काळात काविळीच्या रुग्णाचं ऑपरेशन करताना रक्त थांबेना, या भीतीने सर्जन हात आखडता घेत. १९४३ च्या नोबेलमागे हा व्यवहार होता हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इआरसीपी केली. तोंडातून दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेतात, ओद्दीच्या त्या झडपेतून बारीक नळी वर सरकवतात, रंगद्रव सोडून क्ष-किरणांवर खडा बघतात. मग झडपेला छोटासा छेद देऊन खडा फुग्याने किंवा जाळीने ओढून आतड्यात पाडतात. १९७४ साली जर्मनीत आणि जपानमध्ये जवळजवळ एकाच वेळी हा छेद देण्याचं तंत्र आलं. त्याआधी यासाठी पोट उघडावं लागे. ही प्रक्रिया निर्धोक नाही, काही जणांच्या स्वादुपिंडाला त्यानंतर सूज येते. पण मावशीची लघवी दोन दिवसांत निवळू लागली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही.

नळीत तिला प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे पित्ताची वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, बसवला होता. त्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण हे कुणी पुरेसं सांगत नाही. असा स्टेंट तात्पुरता असतो, साधारण तीन महिन्यांच्या आत काढायचा किंवा बदलायचा असतो. पेशंटला बरं वाटतं, गाव लांब असतं, पैसे संपलेले असतात आणि स्टेंट आत राहून जातो. मग तो तुंबतो आणि तोच ताप, तीच कावीळ परत येते. डिस्चार्जच्या कागदावर स्टेंटची तारीख मोठ्या अक्षरात लिहून घ्यावी आणि घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये टाकावी. मावशी “आता कशाला, बरी आहे की मी” म्हणत होती. मावसभाऊ तिला ठरल्या तारखेला घेऊन गेला.

पिशवी काढायचं ऑपरेशन नंतर दुर्बिणीने झालं. जगात पहिल्यांदा पित्ताशय काढलं ते कार्ल लांगेनबुख यांनी, बर्लिनमध्ये, १५ जुलै १८८२ रोजी. तोपर्यंत डॉक्टर पिशवी उघडून खडे काढत आणि पिशवी तशीच ठेवत. लांगेनबुख यांचं म्हणणं होतं की पिशवी काढायची ती तिच्यात खडे आहेत म्हणून नव्हे, ती खडे तयार करते म्हणून. हत्तीला आणि घोड्याला पित्ताशय नसतंच, त्यांचं काही अडत नाही. १९८५ मध्ये जर्मनीतल्या एरिक म्यूह यांनी दुर्बिणीने पिशवी काढली, तेव्हा त्यांच्याच देशातल्या सर्जन मंडळींनी ते उडवून लावलं. आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी हे ऑपरेशन पहिल्यांदा केलं. सरकारी रुग्णालयात, गरिबांच्या वॉर्डात. लवकर उठून कामाला लागण्याची गरज हातावर पोट असलेल्याला सगळ्यांत जास्त असते, म्हणून ही शस्त्रक्रिया त्याच्यासाठीच आहे, हा त्यांचा आग्रह मला फार मोठा वाटतो.

‘पित्ताशयाचं ना, छोटंसं ऑपरेशन’ असं मात्र म्हणू नये. हजारात तीन ते पाच वेळा मुख्य पित्तनलिकेलाच इजा होते, आणि मग त्या माणसाची पुढची वर्षं वारंवारच्या दुरुस्त्यांत जाऊ शकतात. सूज असली की सगळ्या नळ्या एकमेकींना चिकटतात, कुठली कुठे जाते ते उमगत नाही. म्हणून काहीही कापण्याआधी पिशवीत जाणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, स्पष्ट सुट्या दिसल्या पाहिजेत असा दंडक १९९५ पासून शिकवला जातो. तसं दिसलं नाही तर चांगला सर्जन थांबतो, अर्धीच पिशवी काढतो किंवा पोट उघडतो. ‘दुर्बिणीने म्हणाले होते आणि मोठा छेद घेतला’ अशी तक्रार करणाऱ्या नातेवाइकांना मला हे सांगावंसं वाटतं.

आणि काढलेली पिशवी तपासणीला पाठवली का, हे विचारायचं. पित्ताशयाचा कर्करोग बहुधा शांतपणे वाढतो आणि कधी कधी खड्यांसाठी काढलेल्या पिशवीतच सापडतो. गंगेच्या काठच्या पट्ट्यात, उत्तर प्रदेश, बिहारपासून बंगाल-आसामपर्यंत, विशेषतः बायकांमध्ये, त्याचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेर फुटपाथवर गाठोडी घेऊन बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. एकीशी बोलले तर तिनेही पहिल्यांदा ‘गॅस’ची गोळीच घेतली होती. कळा न येता कावीळ झाली, भूक मेली, वजन उतरलं, तर त्यात जास्त काळजी असते. पोट दुखत नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

मावशी आता पुरणपोळी खाते. ‘पिशवीच नाही, मग पचणार कसं?’ असं शेजारणी विचारतात. पित्त यकृतात तयार होतंच, ते थेट आतड्यात झिरपत राहतं. काहींना काही महिने जेवल्याबरोबर शौचाला लागतं, तेवढं सोडलं तर वेगळं पथ्य नाही.

तिच्या आजारपणात मी जे वाचलं त्यात सगळ्यांत हलवून गेलं ते बाळांबद्दलचं. काही बाळांच्या पित्तनलिका जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांतच सुजून, व्रण होऊन बंद पडतात. बिलिअरी अट्रेसिया म्हणतात त्याला. दहा ते वीस हजार जन्मांत एखादं, तैवानसारख्या ठिकाणी त्याहून जास्त. बाळ दिसायला गुटगुटीत, दूध पिणारं, हसणारं. फक्त कावीळ उतरत नाही. आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या काविळीला ‘सकाळच्या कोवळ्या उन्हात धरा’ हा सल्ला ठरलेला. पहिल्या दिवसांतली साधी कावीळ बहुधा आपसूक जाते, म्हणून तो सल्लाही खरा ठरल्यासारखा वाटतो. पण चौदा दिवसांनंतरही डोळे पिवळे असतील तर ऊन पुरे. रक्तातलं बिलिरुबिन मोजताना त्यातला ‘डायरेक्ट’ भाग, म्हणजे यकृताने पाण्यात विरघळण्याजोगा केलेला, किती हे बघायला हवं. जपानच्या मोरियो कासाई यांनी १९५० च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली: बंद नलिका काढून टाकायच्या आणि लहान आतड्याचा भाग थेट यकृताच्या मुखाशी जोडायचा. ती साधारण साठ दिवसांच्या आत झाली तर यश जास्त. उशीर होत गेला की यकृत कडक होत जातं आणि मग प्रत्यारोपणाशिवाय मार्ग उरत नाही. भारतात लहान मुलाचं यकृत प्रत्यारोपण पहिल्यांदा यशस्वी झालं ते १९९८ मध्ये, दिल्लीत. तो कांचीपुरमचा वीस महिन्यांचा मुलगा याच आजाराचा होता, वडिलांनी आपल्या यकृताचा तुकडा दिला. पुढे तो स्वतः डॉक्टर झाला.

बाळाचा हा आजार वेळेत ओळखण्याचं साधन पुन्हा तेच, रंग. तैवानने २००४ पासून देशभर प्रत्येक आईला बाळाच्या शीच्या रंगांचं कार्ड दिलं, त्यानंतर तिथे लवकर शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं. जपानने २०१२ पासून ते माता-बालक पुस्तिकेतच घातलं. आपल्याकडे पूर्वी दुपटी-लंगोट घरी धुतले जायचे, बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या नजरेतून काही सुटायचं नाही. ती सहज म्हणायची, ‘आज हिरवी झाली बरं का.’ बाळाच्या बाबतीत आपण रंग बोलतो, लाजत नाही. फक्त पांढरटपणा वाईट असतो हे कुणी शिकवलेलं नाही. उलट दूध पितंय म्हणून पांढरं होतंय अशी समजूत असते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघर काळजी घेण्याची पद्धत उभी केली. १९९९ साली तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे ती देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. आज आशाताई बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. तिच्या पिशवीत वजनकाटा असतो, थर्मामीटर असतो. प्रत्येक आशाताईच्या पिशवीत रंगांचा एक छापील कागदही असायलाच हवा. चौदाव्या दिवशी तिने तीन गोष्टी बघायच्या: डोळे पिवळे आहेत का, लघवीने लंगोटावर पिवळा डाग पडतो का, आणि शीचा रंग कागदावरच्या कुठल्या चौकोनाशी जुळतो. नवजात बाळाची लघवी बिनरंगी असायला हवी, हेही बहुतेक आयांना माहीत नसतं. फिका चौकोन जुळला तर बाळाला लगेच तालुक्याला पाठवायचं. चौदाव्या दिवशी कळलं तर साठाव्या दिवसापर्यंत हातात सहा आठवडे असतात. रक्ततपासणी, सोनोग्राफी, बालशल्यविशारद असलेलं मोठ्या शहरातलं रुग्णालय गाठणं, पैशांची जुळवाजुळव, बाळंतिणीला बरोबर नेण्याची सोय, हे सगळं तेवढ्या वेळात बसतं.